राजा चांगला असेल तर?

“या देशाला दहा वर्षे मिलिटरीच पाहिजे!” हे वाक्य कधी ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा. ते केशकर्तनालयात ऐकू येते, लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढला जात असताना ऐकू येते, आणि एस. टी. उशिरा सुटली की हमखास ऐकू येते. म्हणणारी माणसे वाईट नसतात. बहुधा ती वेळेवर कर भरणारी, मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेणारी, निमूटपणे रांगेत उभी राहणारी अशीच असतात. आणि रांग मोडणारा पुढे गेलेला पाहूनच त्यांच्या तोंडून हे उद्गार निघतात. काहीजण मिलिटरीऐवजी ‘एखादा चांगला हुकूमशहा’ मागतात. काही जुन्या वळणाचे लोक ‘पूर्वीसारखा राजा’ मागतात. मागणी मात्र एकच. या निवडणुकांच्या, भाषणांच्या आणि पक्षांतरांच्या चिखलातून आम्हांला बाहेर काढा आणि कुणातरी खंबीर, स्वच्छ माणसाच्या हाती सोपवा.

या मागणीला नागरिकशास्त्राच्या पुस्तकात जे उत्तर असते ते फारच मिळमिळीत असते. हुकूमशहा म्हणजे दुष्ट, हे ते पुस्तक गृहीतच धरून चालते. दुष्टाच्या विरुद्ध बोलायला अक्कल कशाला लागते? खरा पेच वेगळाच आहे. राजा चांगला असेल, न्यायी असेल, हुशार असेल, आणि लोकांनी निवडून दिलेली माणसे भामटी असतील, तर मग काय करावयाचे?

हा पेच इतक्या निर्दयपणे मांडलेला मी अलीकडे एकाच ठिकाणी पाहिला, आणि ते ठिकाण सांगितले तर आमचे प्राध्यापक मित्र हसतात. ते म्हणजे एक जपानी चित्रमालिका. माझा भाचा पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो. सुट्टीला सोलापूरला आला की तो लॅपटॉप मांडीवर घेऊन रात्र रात्र काहीतरी पाहत बसे. “हे वय काय कार्टून बघण्याचे?” असे मी विचारले, तेव्हा त्याने माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले ती मी विसरणार नाही. “मामा, हे कार्टून नाही. ॲनिमे आहे. तुम्ही एक भाग बघा, मग बोला.” एकाचे दहा झाले आणि दहाचे एकशेदहा.

होय, एकशेदहा. मालिकेचे नाव ‘लेजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज’, म्हणजे आपल्या भाषेत आकाशगंगेतील वीरांची आख्यायिका. योशिकी तानाका या जपानी लेखकाने १९८२ ते १९८७ या काळात या कथानकाची दहा खंडांची कादंबरी लिहिली. तिच्यावर नोबोरु इशिगुरो यांच्या दिग्दर्शनाखाली हाताने काढलेल्या चित्रांची ही मालिका तयार झाली. तिचे भाग १९८८ पासून १९९७ पर्यंत निघत होते. २०१८ पासून तीच कथा नव्या तंत्राने पुन्हा चित्रित होऊ लागली. भाचा नवी पाहा म्हणतो, मला जुनीच आवडली. जुनीत अवकाशयाने कागदी होड्यांसारखी रांगेत उभी असतात हे खरे. पण मागे माहलर, ब्रुकनर, बेथोव्हेन या युरोपीय संगीतकारांच्या रचना वाजत असतात, आणि माणसे बोलतात, भरपूर बोलतात. ज्यांना नुसती मारामारी हवी त्यांची येथे फसगत होईल.

सांगण्याची रीत तर थेट आपल्या बखरकाराची आहे. एक निवेदक साऱ्या घटना होऊन गेल्यावर, पुढच्या काळात उभा राहून सांगतो. अमका सरदार या दिवशी असे बोलला, पुढील इतिहासकारांत याविषयी दोन मते आहेत, वगैरे. ‘भाऊसाहेबांची बखर’ वाचताना पानिपताचा शेवट ठाऊक असूनही आपला जीव खालीवर होतो ना? तसेच येथे होते.

कथा आजपासून दीड हजार वर्षे पुढची. माणूस ताऱ्याताऱ्यांवर पसरला आहे आणि दोन राज्यांत विभागला आहे. एकीकडे साम्राज्य. त्याचा मूळ पुरुष रुडॉल्फ. हा कुणी परकी आक्रमक नव्हे. चाचेगिरीचा बंदोबस्त करून नावाला आलेला सैनिक. निवडणुकीला उभा राहिला, लोकांनी डोक्यावर घेतला, पंतप्रधान झाला, अध्यक्ष झाला, मग तहहयात, आणि अखेर सम्राट. प्रत्येक पायरीवर टाळ्याच. ‘एक खंबीर माणूस पाहिजे’ म्हणणाऱ्यांनीच त्याला वर चढविला. पुढची जवळजवळ पाचशे वर्षे त्यांच्या नातवा-पणतवंडांना मान खाली घालून काढावी लागली.

दुसरीकडे लोकशाही संघराज्य. त्याचा जन्म मोठा सुंदर आहे. वेठबिगारीत खितपत पडलेल्या चार लाख लोकांनी धातू मिळेना म्हणून गोठलेल्या वायूच्या, कोरड्या बर्फाच्या, एका प्रचंड डोंगराचे जहाज कोरले आणि त्यात बसून साम्राज्यातून पळ काढला. पन्नास वर्षांची वाटचाल. निम्म्याहून अधिक वाटेत मेले. त्यांचा पुढारी हाइनेसेन हाही वाटेतच गेला. उरलेल्यांनी वसविलेल्या पहिल्या ग्रहाला त्याचे नाव दिले. कथा सुरू होते तेव्हा त्या ग्रहावर हाइनेसेनचा भव्य पुतळा आहे आणि त्याच्या सावलीत बसलेले मंत्री भ्रष्ट आहेत. पुतळ्याखाली काय चालते हे आपल्याला कुणी समजावून सांगावयास नको.

आता तानाका यांनी कशी मेख मारली आहे पाहा. साम्राज्याच्या बाजूला त्यांनी राइनहार्ट नावाचा तरुण उभा केला आहे. दरिद्री घराण्यातला. थोरली बहीण पंधरा वर्षांची असताना तिला सम्राटाच्या महालात नेले, आणि त्या दिवसापासून हे घराणे उलथून टाकायचे हाच या पोराचा ध्यास. तो सत्तेवर येतो तेव्हा खरोखरच चांगले राज्य करतो. सरदारांची कोठारे उघडतो, त्यांच्यावर कर बसवितो, न्यायालयांत गरिबाला न्याय मिळू लागतो. आणि लोकशाहीच्या बाजूला? तिथे ट्रूनिख्ट नावाचा पुढारी आहे. गोड बोलणारा, देखणा, देशभक्तीवर तासभर रडविणारे भाषण करणारा, आणि जबाबदारीची वेळ आली की अदृश्य होणारा. पहिल्याच मोठ्या लढाईनंतर मृत सैनिकांसाठी सभा भरते. ट्रूनिख्ट बलिदानाचे गोडवे गातो. सारे उठून टाळ्या पिटतात. लढाईत ज्याच्याशी लग्न ठरले होते तो गमावलेली जेसिका एडवर्ड्स नावाची शिक्षिका सरळ व्यासपीठापाशी जाते आणि विचारते: तुम्ही युद्धाची स्तुती करता, पण तुम्ही स्वतः कोठे आहात? तुमच्या घरचे कोण रणांगणावर आहे? तिला धरून बाहेर नेतात. उत्तर मिळत नाही.

त्याच सभेत एक सैनिक टाळ्या न वाजविता खुर्चीत बसून राहतो. तो यांग वेन-ली. याला व्हायचे होते इतिहासाचा अभ्यासक; बाप वारला, पैसे उरले नाहीत, फुकट शिक्षण मिळते म्हणून सैनिकी शाळेत गेला. (आमच्या विषयाची माणसे पोटासाठी भलत्याच खात्यात जाऊन पडतात, त्यात नवे काही नाही.) आळशी, विसराळू, चहाचा भोक्ता, आणि दुर्दैवाने युद्धशास्त्रात अद्वितीय. ज्या सरकारची त्याला किळस येते त्याच्यासाठीच त्याला लढाया जिंकाव्या लागतात.

हे सरकार काय प्रतीचे आहे? एके ठिकाणी मंत्रिमंडळ साम्राज्यावर चढाई करण्याचे ठरविते, आणि कारण एवढेच की निवडणूक जवळ आली असून लढाई जिंकली तर लोकमत फिरेल. तीन कोटी सैनिक पाठविले जातात. शत्रू गावोगावचे धान्य काढून नेऊन मागे सरकतो. ‘मुक्त’ केलेल्या प्रजेला आधी खाऊ घालण्यातच हे सैन्य उपाशी पडते, आणि मग त्याची कत्तल होते. शेवटच्या लढाईच्या जागेचे नाव आपल्या अमृतसरासारखे ऐकू येते. क्षणभर मी दचकलोच.

आणि मग ती वेळ येते. या भ्रष्टाचाराला विटलेले काही लष्करी अधिकारी बंड करतात. बंडाचा नेता ग्रीनहिल हा सज्जन गृहस्थ आहे; त्याचीच मुलगी यांगची सहायक अधिकारी. बंडवाले म्हणतात, देश स्वच्छ करू, शिस्त आणू, राष्ट्र वाचवू. त्यांतले बहुतेक मनापासून बोलत असतात. म्हणजे केशकर्तनालयातील आपले वाक्य तंतोतंत खरे झाले! मिलिटरी आली! पुढे काय होते? जेसिका आता लोकप्रतिनिधी झालेली असते. ती मैदानावर निःशस्त्र लोकांची सभा भरविते. एक कर्नल ती मोडायला येतो आणि लोकांचीच माणसे पुढे ओढून विचारतो, विचारासाठी मरायला तयार आहेस काय? जेसिका त्याला अडविते आणि तेथेच मारली जाते. मग हजारो मरतात. त्या सज्जन ग्रीनहिलच्या हातून ते थांबविले जात नाही. शिस्तीला एकदा बंदूक दिली की ती सज्जनांच्या ताब्यात राहत नाही.

मिलिटरीचे राज्य म्हणजे काय हे सोलापूरला खरे तर जपानहून कुणी येऊन सांगावयास नको. हिंदुस्थानातील फारच थोड्या शहरांनी जे पाहिले ते या शहराने १९३० साली पाहिले आहे. ६ एप्रिलला नगरपालिकेवर तिरंगा चढला. मेच्या आरंभी गांधीजींना अटक झाली, ८ मे रोजी येथे गोळीबार झाला, लोक खवळले, आणि दोन-चार दिवस सरकारचा अंमल शहरातून जवळजवळ उठला. १२ मेपासून मार्शल लॉ पुकारला गेला तो जूनअखेरपर्यंत होता. राष्ट्रीय झेंडा मिरविणे, एवढेच काय साधी गांधी टोपी डोक्यावर घालणे, हाही गुन्हा झाला. त्या दिवसांतील पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. आज चार हुतात्मा चौकातून आपण रोज जातो येतो. सिग्नल लागला म्हणून तेथेच थांबलेला एखादा स्कूटरवाला शेजाऱ्याला म्हणतो, “मिलिटरीच पाहिजे!” पुतळे समोर उभे असतात.

असो. यांग ते बंड मोडतो. कुणासाठी? ट्रूनिख्टसाठी! बंड चालू असताना हा गृहस्थ कुठे तरी दडून बसलेला असतो. सारे शांत झाल्यावर तो इस्त्रीचे कपडे घालून बाहेर येतो आणि जनतेसमोर यांगशी हस्तांदोलन करतो. यांगच्या अंगावर काटा येतो, आपल्याही येतो. घरी जाऊन तो हात धुतो.

येथवर पाहिल्यावर कुणीही म्हणेल, मग राइनहार्टच का नको? तानाका यांनी त्याचेही उत्तर आधीच पेरून ठेवले आहे. वेस्टरलांड नावाच्या ग्रहावरील प्रजा आपल्या जुलमी सरदाराविरुद्ध उठते. तो सरदार सूड म्हणून त्या ग्रहावर अण्वस्त्रे टाकण्याचे ठरवितो. राइनहार्टला ही बातमी वेळेवर कळते. त्याचा सल्लागार ओबरश्टाइन शांतपणे सांगतो: होऊ द्या. आपण चित्रण करून ते सर्वत्र दाखवू. सरदारांविरुद्ध प्रजा पेटून उठेल, युद्ध लवकर संपेल, आणि एरवी मेले असते त्याहून कमीच लोक मरतील. हिशेब चोख आहे. वीस लक्ष माणसे जळून जातात. हिशेबाप्रमाणे युद्धही लवकर संपते.

लहानपणचा जिवलग मित्र किर्खाइस मात्र राइनहार्टला याचा जाब विचारतो. दुसरे कुणी विचारूच शकत नाही. दोघांत वितुष्ट येते. दरबारात शस्त्र बाळगण्याची किर्खाइसची खास सवलत राइनहार्ट रागाच्या भरात काढून घेतो, आणि लगेच होणाऱ्या हल्ल्यात निःशस्त्र किर्खाइस मित्राला वाचविताना मरतो. मला येथे कर्ण आठवला नाही, दुर्योधन आठवला नाही. आठवला तो एवढाच साधा विचार, की या साऱ्या साम्राज्यात राजाला ‘तू चुकलास’ म्हणण्याची सोय एका मित्राच्या रूपाने होती. तो गेला, सोय गेली. चांगल्या राजाच्या राज्यात त्याचे चांगुलपण तपासण्याचे दुसरे साधनच नसते. पुढे वेस्टरलांडवर बायको आणि मूल गमावलेला एक माणूस सम्राट झालेल्या राइनहार्टवर धावून जातो आणि तोच प्रश्न विचारतो. पृथ्वीमोलाचा बोलका तो राजा तेथे मुका होतो.

शेवटचा पेच व्हर्मिलियनचा. यांगने राइनहार्टचे जहाज तोफेच्या टप्प्यात आणले आहे. एक आज्ञा, आणि युद्ध संपले. नेमक्या त्याच क्षणी राजधानीहून ट्रूनिख्टच्या सरकारचा हुकूम येतो: आम्ही शरण गेलो आहोत, गोळीबार थांबवा. शत्रूची दुसरी फौज राजधानीवर पोहोचली आहे आणि ट्रूनिख्टला स्वतःचा जीव प्यारा आहे. यांगचा एक सहकारी त्याला स्पष्ट सांगतो, हुकूम ऐकू नका, तोफ डागा; पुढे सारे तुमच्याच हाती येईल.

यांग तोफ डागत नाही.

त्या रात्री भाचा आणि मी दोन वाजेपर्यंत भांडलो. त्याचे म्हणणे, हा मूर्खपणा. अशा सरकारचा हुकूम कसला पाळायचा? माझे म्हणणे असे पडले, की बंदूकवाल्याने हुकूम पसंत असेल तेव्हाच पाळायचा असे ठरले तर ते पाळणे नव्हेच. यांगला मोह पडत नाही असे नाही. पण रुडॉल्फची सुरुवातही अशाच एका लोकप्रिय विजयी सेनापतीपासून झाली होती, आणि यांग इतिहास वाचलेला माणूस आहे. पुढे राइनहार्ट त्याला भेटतो, मोठे पद देऊ करतो. यांग नाकारतो. त्याच्या मते राजा राज्य करतो तेव्हा लोकांना सर्व दोष दुसऱ्याच्या माथी मारण्याची सवय लागते. लोकशाहीत राज्य बिघडले तर बिघडविणारे आपणच असतो, आणि ही टोचणी राजाच्या सगळ्या सुधारणांहून मोलाची आहे.

हे सारे पाहताना मला राहून राहून वाटत होते की तानाका यांना आमच्या शेजारचा एक राजा भेटायला हवा होता. सांगोल्याची हद्द ओलांडली की आटपाडी लागते. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. पूर्वी औंध संस्थानात होती. संस्थान बहात्तर गावांचे, तेही तुकड्यातुकड्यांत विखुरलेले. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी चित्रे काढीत, कीर्तन करीत, आणि साऱ्या प्रजेने सूर्यनमस्कार घालावेत असा त्यांचा हट्ट असे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त तालमीच्या उद्घाटनाला जो राजा येतो तो याच संस्थानचा. राजा चांगला होता यात वाद नाही. आणि या चांगल्या राजाने जानेवारी १९३९ मध्ये, चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांच्या खटपटीने, गांधीजींचा सल्ला घेऊन, आपला कारभार प्रजेच्या हाती दिला. खाली गावपंचायत, तिच्यावर तालुका, त्यावर विधिमंडळ. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे भिंतींवाचून कैद्यांची वसाहत निघाली, व्ही. शांतारामांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ तिच्यावरूनच सुचला. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि प्रयोग संपला.

राइनहार्टला जे कधी सुचत नाही ते या नमस्कारवेड्या राजाला सुचले. राइनहार्ट प्रजेला धान्य देतो, न्याय देतो, रस्ते देतो. फक्त चुका करण्याचा हक्क तेवढा स्वतःजवळ ठेवतो. मालिकेच्या अखेरीस तो आजारी पडतो, यांग तर त्याआधीच मारेकऱ्यांच्या हातून गेलेला असतो. यांगने वाढविलेला पोरगा युलियान मरणोन्मुख सम्राटाकडे एकच गोष्ट मागतो, ती म्हणजे एका ग्रहापुरते स्वराज्य आणि साम्राज्याला राज्यघटना. औंधने ती मागणी होण्याआधीच दिली होती. अर्थात यांगने यावरही शंका काढली असती, की राजाने दिले ते राजा परत घेऊ शकतो.

मालिकेत दोषही आहेत. बायका फार थोड्या, आणि ज्या आहेत त्यांतल्या जेसिकेला लवकर मारून टाकले. सेनापती सगळे देखणे. कोट्यवधी माणसे मरतात, पण नांगर धरणारा एकही शेतकरी नीट दिसत नाही. पृथ्वीची पूजा करणारा जो पंथ दाखविला आहे तो निव्वळ नाटकातल्या खलनायकांचा मेळा आहे. पात्रांची नावे जर्मन असल्याने पहिले पाच-सहा भाग कोण कोणाचा हे कळत नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसावे. आणि घरात अगदी लहान मुले असतील तर त्यांना दूर ठेवावे, रक्त बरेच सांडते.

यंदा द्वितीय वर्षाच्या मुलांना निबंधाला मी हाच विषय दिला. मालिकेचे नाव न सांगता व्हर्मिलियनचा प्रसंग लिहून दिला आणि खाली विचारले: सेनापतीने तोफ डागावी की डागू नये? बहुतेकांनी डागावी असेच लिहिले, काहींनी तर लाल शाईने अधोरेखित करून. एका मुलीने चारच ओळी लिहिल्या होत्या. तिचे वडील यंत्रमागावर काम करतात. तिने लिहिले होते की त्याने तोफ डागली असती तर सर्वांना आनंद झाला असता, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला थांब म्हणणारे कोण उरले असते? तिला मी दहापैकी आठ गुण दिले. दोन शुद्धलेखनाचे कापले.